सदतीस मायक्रोसेकंद, अधिक वीस टक्के

ग्राहकाच्या एक्सेल शीटमधले बाकी सगळे रकाने हिरवे झाले होते. एकच लाल उरला होता: प्रत्येक टास्कला (ठरावीक वेळाने चालणारं काम) आणि इंटरप्टला (चालू काम थांबवून आधी करायचं काम) जास्तीत जास्त किती वेळ लागतो, ते पुराव्यासह द्या. आमचं उत्पादन म्हणजे मालवाहू इलेक्ट्रिक तीनचाकीचा मोटर कंट्रोलर. ऑफिस हिंजवडीत, टेस्ट बेंच भोसरी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये, ग्राहक युरोपातला. गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ २६२६२ हे मानक आहे. त्याच्या सहाव्या भागात, सॉफ्टवेअरची रचना ठरवतानाच वेळ, मेमरी आणि संदेशवहन यांचा वरचा अंदाज मागितला आहे. ग्राहकाने त्यावरच बोट ठेवलं होतं. हा रकाना आधी ज्याच्याकडे होता तो हिंजवडीच्या फेज वनमधून फेज थ्रीमधल्या कंपनीत गेला (आमच्या क्षेत्रात याला स्थलांतर म्हणतात) आणि काम माझ्या नावावर आलं.

कंट्रोलरचं काम थोडक्यात सांगते. दर १०० मायक्रोसेकंदांनी एक इंटरप्ट येतो. त्यात मोटरच्या फेजमधला करंट वाचायचा, रोटर कुठल्या कोनात आहे ते काढायचं, गणित करायचं आणि पुढच्या १०० मायक्रोसेकंदांसाठी व्होल्टेज ठरवायचं. दर मिलिसेकंदाला वेगाचा लूप चालतो. दर १० मिलिसेकंदांनी थ्रॉटल, ब्रेक, कॅन बसवरचे (गाडीतल्या युनिट्सना जोडणाऱ्या तारांवरचे) संदेश आणि दोषांची तपासणी. चिप एसटीएम३२जी४ मालिकेतली, म्हणजे १७० मेगाहर्ट्झवर चालणारा कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर. त्या हिशोबाने १०० मायक्रोसेकंदांत १७,००० सायकल (प्रोसेसरचे ठोके) मिळतात. इंटरप्ट सगळ्यात वरच्या प्रायॉरिटीचा, त्याने घेऊन उरेल ते बाकीच्यांना. पुढचे आकडे मी ढोबळ करून देतेय, कंपनीच्या फाइलमधले तंतोतंत नाहीत. प्रमाण मात्र तेच आहे.

सुरुवात सगळे करतात तशीच केली, मोजण्यापासून. कॉर्टेक्स-एम४ मध्ये सायकल मोजणारा ३२ बिटांचा काउंटर असतो. इंटरप्टच्या तोंडाशी तो वाचायचा, शेवटी पुन्हा वाचायचा, वजाबाकी करायची आणि आतापर्यंतचा सर्वांत मोठा आकडा जपून ठेवायचा. १७० मेगाहर्ट्झला हा काउंटर सुमारे २५ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. इंटरप्ट तेवढा वेळ चालत नाही, आणि चालला तर प्रश्न वेगळाच आहे. पडताळणी म्हणून एक पिन वर-खाली करून ऑसिलोस्कोपवरही बघितलं. दोन्ही जुळले. इंटरप्टमध्ये शिरतानाच्या १२ सायकल काउंटरच्या वाचनात येत नाहीत, त्या हाताने मिळवाव्या लागतात. फ्लोटिंग पॉइंट (दशांश आकड्यांचं गणित) वापरत असाल तर स्टॅकवर आठ शब्दांऐवजी सव्वीस शब्दांची जागा जाते, तेही धरावं लागतं.

बेंचवर झाल्यावर गाडी बाहेर काढली. मागे वाळूची पोती भरून बोपदेव घाट. कोंढव्याच्या बाजूने चढताना मोटर तापते, करंट वाढतो, तापमानामुळे ताकद कमी करणारा कोड जागा होतो. सासवडकडे उतरताना रिजनरेशन (मोटरनेच बॅटरी चार्ज करणं) चालू होतं. लॅपटॉप मांडीवर, गाडी खडखडत, मागे ट्रकवाल्यांचे हॉर्न. वेळेचा आलेख काढला तर बहुतेक सगळ्या फेऱ्या २९ ते ३३ मायक्रोसेकंदांच्या मध्ये, पलीकडे एक बारीक शेपूट, आणि अगदी उजवीकडे एकटाच एक ठिपका: ३७.

आता आमच्या धंद्यातली रीत अशी की सापडलेला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा, वर वीस टक्के ठेवायचे आणि सही करायची. ३७ वर वीस टक्के म्हणजे ४४.४. हे वीसच का, हे मी बऱ्याच जणांना विचारलं. कुणी म्हणालं आधीच्या कंपनीत असंच होतं, कुणी म्हणालं पंधरा कमी वाटतात आणि पंचवीस दिले तर हार्डवेअरवाले भांडतात. इतकं सरळ उत्तर मला आवडलं, पण ते ग्राहकाला लिहून देता आलं नसतं.

आमच्या लीडना आलेख दाखवला. त्यांनी ठिपक्याकडे बघितलंही नाही. "बोपदेवला गाडी किती वेळा नेलीस ते सांगू नको. कोडमधले किती रस्ते चालून झाले ते सांग."

"सर, ब्रँच कव्हरेज काढलं नाही अजून."

"ते काढून पण पुरणार नाही. प्रत्येक इफ दोन्ही बाजूंनी चालली म्हणजे सगळी कॉम्बिनेशन्स चालली असं होत नाही."

हिशोब सोपा आहे. एकामागे एक तीस इफ असल्या तर त्यातून जाण्याचे मार्ग १०७ कोटींहून जास्त होतात. मोजमाप खोटं नसतं, पण ते फक्त जे घडलं त्याबद्दल बोलतं. ग्राहकाने विचारलं होतं ते कधीही घडू शकेल त्याबद्दल.

मधल्या काळात एक सहकारी संख्याशास्त्राचा मार्ग घेऊन आला. आलेखाच्या शेपटीला टोकाच्या मूल्यांचं वितरण बसवायचं आणि 'अब्जात एकदा' वगैरे भाषेत आकडा द्यायचा. पुराच्या पातळीसाठी हे वापरतात, वेळेच्या अंदाजासाठीही यावर बरंच संशोधन झालंय. मला ते आमच्या कोडसाठी पटलं नाही, आजही पटत नाही. जो मार्ग एकदाही चालला नाही त्याची शेपूट आलेखात येणार कुठून?

पण आधी हे ठरवायला हवं होतं की इंटरप्टचे पाच-सात मायक्रोसेकंद इकडे-तिकडे झाले तर बिघडतं काय. शंभरातून सदतीस गेले काय आणि पन्नास गेले काय, इंटरप्ट तर वेळेत संपतोच! बिघडतं ते खालच्या टास्कचं. ग्राहकाची एक अट होती: १० मिलिसेकंदवाल्या टास्कचं उत्तर तो सुरू व्हायच्या क्षणापासून ५ मिलिसेकंदांच्या आत बाहेर पडलं पाहिजे, कारण पलीकडचं युनिट त्या संदेशाची तेवढीच वाट बघतं.

कॉलेजात शिकवतात ती पद्धत लियू आणि लेलँड यांची, १९७३ ची. प्रत्येक टास्कचा वेळ भागिले त्याचं आवर्तन, सगळ्यांची बेरीज करा, ती ठरावीक मर्यादेखाली असली की निर्धास्त. तीन टास्कसाठी ही मर्यादा सुमारे ७८ टक्के, टास्क वाढत गेले की ती ६९ टक्क्यांकडे सरकते. आमची आवर्तनं एकमेकांच्या पटीत होती, आणि तशी असली की मर्यादा थेट १०० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे या कसोटीवर आम्ही आरामात पास. पण ही कसोटी सांगते की टास्क पुढच्या आवर्तनाच्या आत संपेल. पाच मिलिसेकंदांत संपेल का, यावर ती गप्प.

ते उत्तर देणारी पद्धत मथाई जोसेफ आणि पारितोष पंड्या यांनी १९८६ मध्ये 'द कम्प्युटर जर्नल'मध्ये मांडली. दोघांचंही नातं मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेशी. जोसेफ पुढे अनेक वर्षं पुण्यातच, हडपसरच्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्राचे प्रमुख होते. जगभरातल्या रिअल-टाइमच्या अभ्यासक्रमात हे समीकरण शिकवतात आणि त्याच्या कर्त्यांपैकी एक जण हडपसरला ऑफिसला जात होता, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. लीडनी सांगितलं, तेही कँटीनमध्ये, मिसळीची वाट बघत.

पद्धत कागद-पेन्सिलीने करता येते, म्हणून इथे करूनच दाखवते. इंटरप्ट ४० मायक्रोसेकंद, दर १०० ला. वेगाचा लूप २०० मायक्रोसेकंद, दर १००० ला. आपला टास्क १५०० मायक्रोसेकंदांचा. समजा सगळे एकाच क्षणी सुरू झाले, कारण तीच सर्वांत वाईट वेळ. १५०० मायक्रोसेकंदांत इंटरप्ट १५ वेळा येणार म्हणजे ६०० गेले, वेगाचा लूप दोनदा म्हणजे ४०० गेले, एकूण २५००. पण काम २५०० पर्यंत लांबलं तर त्या वाढीव काळात आणखी इंटरप्ट येणार. २५ इंटरप्ट, तीन लूप: ३१००. पुन्हा तेच: ३५४०, मग ३७४०, ३८२०, ३८६०, आणि पुन्हा ३८६०. आकडा हलायचा थांबला की तेच उत्तर. दीड मिलिसेकंदाचं काम वाईटात वाईट वेळी ३.८६ मिलिसेकंदांनी संपतं.

आता इंटरप्ट ४० ऐवजी ६० चा करून तीच आकडेमोड करा. उत्तर ७.७८ येतं. वीस मायक्रोसेकंदांची वाढ, आणि खाली तिची होते जवळजवळ चार मिलिसेकंद. ४५ ठेवलं तर ४.५७. म्हणजे पाचच्या अटीत बसायचं तर इंटरप्टला फार तर ५० पर्यंतच मुभा. आणि वीस टक्केवाला आकडा ४४.४! तो लिहून दिला असता तर कागदावर सगळं छान बसत होतं.

लीड म्हणाले, स्टॅटिक करून बघू. म्हणजे प्रोग्रॅम न चालवता, त्याची बायनरी (कंपायलरने तयार केलेला मशीनचा कोड) वाचून वरचा आकडा काढणं. या कामाची टूल्स मोजकीच आहेत. झारब्रुकेनच्या ॲबसइंटचं एआयटी सगळ्यात जास्त नावाजलेलं, एअरबसने वापरलेलं; तूलूझहून आलेलं ओटावा खुलं आहे. आम्ही कुठलं घेतलं याला फारसं महत्त्व नाही, कारण गाभा सगळ्यांचा सारखाच. सोर्स कोड बघत नाहीत, कारण कंपायलरने त्याचं काय केलं ते सोर्समध्ये दिसत नाही. बायनरीतून ब्लॉकचा (मध्ये फाटा न फुटणाऱ्या तुकड्यांचा) नकाशा काढतात. प्रत्येक ठिकाणी कुठल्या रजिस्टरमध्ये कुठल्या मर्यादेतला आकडा असू शकेल, कॅशमध्ये (छोट्या, वेगवान मेमरीत) काय नक्की असेल आणि काय नसेल, पाइपलाइन कुठे अडेल, हे ठरवून प्रत्येक ब्लॉकला जास्तीत जास्त सायकल देतात.

मग सगळ्यात देखणा भाग. १०७ कोटी मार्ग एकेक करून बघायचे नाहीत. कुठला ब्लॉक किती वेळा चालला, एवढंच अज्ञात धरायचं. ब्लॉकमध्ये जितक्या वेळा शिरलो तितक्याच वेळा बाहेर पडलो, ही समीकरणं. लूप इतक्याच वेळा फिरतो, ही मर्यादा. आणि 'वेळा गुणिले सायकल' यांची बेरीज जास्तीत जास्त किती होते, ते काढायचं. ली आणि मलिक यांनी १९९५ मध्ये हे मांडलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात लिनिअर प्रोग्रॅमिंग पाठ करून परीक्षेनंतर विसरलेल्या सगळ्यांनी हे एकदा बघावं.

टूलवर बायनरी टाकली आणि आकडा आलाच नाही. आली ती तक्रारींची यादी. हा लूप किती वेळा फिरतो माहीत नाही. हा फंक्शन पॉइंटर (कुठलं फंक्शन चालवायचं त्याचा पत्ता) कुठे जातो माहीत नाही. कुठलाही प्रोग्रॅम दिला तर तो थांबेल की नाही हे सांगणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे ट्युरिंगने १९३६ मध्येच सिद्ध केलंय. त्यामुळे टूलला दोष देण्यात अर्थ नाही. पंगतीला किती पानं उठणार हे आचाऱ्याला पातेल्यात बघून कळत नाही, ते यजमानालाच सांगावं लागतं. तसंच लूपचं.

इथून पुढचं काम मला अपेक्षित नव्हतं. मी कीबोर्डवरून उठले आणि माणसांकडे जायला लागले.

पहिला कॅलिब्रेशनवाला. इंटरप्टमध्ये एका तक्त्यातून मूल्य शोधायचा लूप होता, आणि तक्त्याची लांबी कोडमध्ये नव्हती. ती कॅलिब्रेशन डेटातून यायची.

"सध्या सोळा पॉइंट आहेत," तो म्हणाला.

"सध्या नको. जास्तीत जास्त?"

"अगं, ते मोटरवर आहे. नवी मोटर आली तर वाढवीन."

"किती?"

"बत्तीस? चौसष्ट? आत्ता कसं सांगू?"

"मग मी सोळा लिहू?"

"लिही. पण मेल नको पाठवूस तसा."

मेल पाठवला, अर्थातच. लीडना कॉपी करून.

मग कॅनवाली. १० मिलिसेकंदांच्या टास्कमध्ये, आलेले सगळे संदेश संपेपर्यंत फिरणारा लूप होता. दहा मिलिसेकंदांत बसवर जास्तीत जास्त किती संदेश येऊ शकतात? ती म्हणाली, आपल्या डेटाबेसनुसार नऊ. डेटाबेस खरा, पण बिघडलेलं युनिट डेटाबेस वाचून बडबड करत नाही. ५०० किलोबिटच्या बसवर आठ बाइटचा साधा संदेश निदान १११ बिटांचा. जादा घुसडलेले बिट धरले तर १३५ पर्यंत. पण डेटाच नसलेला संदेश ४७ बिटांत आटपतो, म्हणजे ९४ मायक्रोसेकंद. तसे दहा मिलिसेकंदांत शंभराहून जास्त बसतात. सुदैवाने रांगेची खोली ३२ होती आणि रांग भरली की पुढचे संदेश टाकून दिले जात होते. पण लूप चालू असताना रांगेत नवे येत राहिले तर ३२ वरही थांबणार नाही. तिने दोन ओळी बदलल्या: आत शिरताना रांगेत जितके आहेत तितकेच घ्यायचे, उरलेले पुढच्या फेरीत. या बदलाने सरासरी वेळेत काडीचा फरक पडला नाही.

फंक्शन पॉइंटर कुठे कुठे जातो ते सांगणं सोपं होतं, फक्त कंटाळवाणं. रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) मिस्रा नियमांमुळे, म्हणजे गाड्यांच्या सी कोडसाठीच्या नियमांमुळे, कोडमध्ये नव्हतंच. मिस्राला आमच्याकडे रोज शिव्या पडतात, त्या दिवशी कुणी दिली नाही.

सगळ्या मर्यादा भरल्यावर आकडा आला: ६० मायक्रोसेकंद.

मीटिंगमध्ये पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती. टूल घाबरट आहे, प्रत्यक्षात ३७ च लागतात. हे म्हणणं अर्धं खरं निघालं, आणि कुठलं अर्धं ते शोधण्यात माझे पुढचे बरेच दिवस गेले. टूलने दाखवलेला सर्वांत लांब मार्ग ब्लॉक-ब्लॉक करून वाचला. त्यात तीन प्रकारचा ऐवज सापडला.

काही भाग खरोखर अशक्य होता. एकाच फेरीत रिजनरेशनची शाखा आणि मोटर बंद करणारी शाखा, दोन्ही धरलेल्या. प्रत्यक्षात एक चालली की दुसरी चालत नाही. या दोन ब्लॉकची बेरीज एकाहून जास्त नाही, असं एक समीकरण वाढवलं की प्रश्न मिटतो. (हे वाक्य लिहायला सोपं आहे. ते खरं आहे असं त्या मॉड्युलच्या मालकाकडून सहीने घेणं, हे वेगळं काम.)

काही भाग फ्लॅशचा होता. १७० मेगाहर्ट्झला फ्लॅश मेमरी प्रोसेसरच्या मागे पडते, प्रत्येक वाचनाला चार सायकल थांबावं लागतं, ते झाकायला छोटी कॅश असते. इंटरप्ट मध्येच घुसतो तेव्हा कॅशमध्ये कुणाचा कोड उरलाय हे टूलला सांगता येत नाही, म्हणून ते सगळं रिकामं धरतं. आमच्या साध्या प्रोसेसरवर एवढं पुरतं. मोठ्या प्रोसेसरवर तेही धड नाही: कॅशमध्ये वस्तू सापडली म्हणून एकूण वेळ उलट वाढला, असंही होऊ शकतं, हे लुंडक्विस्ट आणि स्टेनस्ट्रॉम यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलंय. त्यानंतर मी 'प्रत्येक टप्प्याचं वाईटातलं वाईट घेऊ म्हणजे झालं' असं कुणी म्हटलं की त्याचा प्रोसेसर कुठला ते आधी विचारते.

आणि तिसरा भाग खरा होता. रोटरचा कोन हॉल सेन्सरवरून कळतो. सेन्सरची वायर तुटली तर गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडू नये म्हणून करंट आणि व्होल्टेजवरून कोनाचा अंदाज घेणारा कोड होता. बोपदेव घाटात सेन्सर बिचारा नीट चालला, त्यामुळे हा कोड एकदाही चालला नव्हता. त्यात आर्कटॅन (कोन काढायचं त्रिकोणमितीचं गणित) काढलेला, आणि तो डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे दुप्पट बिटांच्या दशांश आकड्यांत. कॉर्टेक्स-एम४ चं फ्लोटिंग पॉइंट युनिट फक्त सिंगल प्रिसिजनचं. डबल आलं की सगळं सॉफ्टवेअरने, शेकड्याने सायकल, आणि किती ते आकड्यांवर अवलंबून. जुन्या प्रोजेक्टमधून उचललेला कोड, लिहिणारा केव्हाच स्थलांतरित. दोन-तीन ठिकाणी दशांश आकड्यापुढे 'एफ' लिहायचा राहिला होता, तेवढ्यानेही गणित डबलमध्ये जातं. कंपायलरला सांगितलं तर तो असल्या जागा दाखवतो, पण आमच्या बिल्डमध्ये तो इशारा बंद ठेवलेला.

भोसरीच्या शेडमध्ये जाऊन चालू मोटरवर हॉल सेन्सरचा कनेक्टर उपटला. काउंटरने ५२ दाखवले.

५२ घालून जोसेफ-पंड्यांची आकडेमोड केली: ५.६६ मिलिसेकंद. अट पाचची. म्हणजे ज्या दिवशी सेन्सरची वायर तुटेल त्याच दिवशी ब्रेक-थ्रॉटलचा संदेशही उशिरा जाईल. पलीकडचं युनिट तो हरवला असं समजून आणखी एक दोष नोंदवेल आणि मोटर सोडून देईल; गाडी चालू राहावी म्हणून लिहिलेला कोडच ती थांबवेल. वीस टक्के वर धरूनही ४४.४ च होत होते, ५२ त्यात मावत नव्हते.

दुरुस्ती त्या मानाने सरळ झाली. या चिपवर कोन काढणारं कॉर्डिक नावाचं हार्डवेअर आहेच, ठरलेल्या सायकलमध्ये उत्तर देतं. आर्कटॅन तिकडे दिला. इंटरप्टचा सगळा कोड फ्लॅशमधून प्रोसेसरला थेट जोडलेल्या सीसीएम रॅममध्ये हलवला, तिथे थांबणंही नाही आणि कॅशही नाही. गंमत अशी की नेहमीच्या फेऱ्यांचा वेळ यामुळे जेमतेम एखाद्या मायक्रोसेकंदाने कमी झाला. कोड फारसा वेगवान झाला नाही, पण त्याच्याबद्दल ठामपणे बोलता यायला लागलं. परस्परविरोधी शाखांची समीकरणं घातली. टूलचा आकडा ४५ वर आला. कनेक्टर उपटून मोजलं तर ४१. दोघांमध्ये चारांचं अंतर राहिलं आणि ते तसंच राहू दिलं. ते मिटवायच्या मागे लागलं की माणूस न पटणाऱ्या मर्यादाही भरायला लागतो.

ग्राहकाचा रिव्ह्यू व्हिडिओ कॉलवर झाला. समोरच्या बाईंनी आकड्यावर फार वेळ घालवला नाही. त्यांनी आमच्या मर्यादांची यादी उघडली आणि एकेका ओळीवर विचारत गेल्या: ही कुणी सांगितली? कशावरून? बदलली तर तुम्हाला कसं कळेल? कॅनच्या ओळीवर कोड दाखवला, त्या पुढे गेल्या. रिजनरेशनच्या ओळीवर मॉड्युलच्या मालकाला बोलावून घ्यायला लावलं. तो चिंचवडहून मोबाइलवर जोडला गेला आणि मागे लोकलची अनाउन्समेंट ऐकू येत होती, पण त्याने स्टेट मशीन तोंडपाठ सांगितलं. सोळा पॉइंटच्या ओळीवर मेल दाखवला. त्यांचं समाधान झालं नाही. मेलने लूप थांबत नाही, असं काहीसं त्या म्हणाल्या. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

मग तक्त्याची लांबी बिल्डच्या वेळीच तपासायची असं ठरलं. सोळाच्या वर गेली तर बिल्ड फेल. शिवाय रोज रात्री बिल्डनंतर टूल आपोआप चालतं, इंटरप्टचा आकडा ४५ च्या वर गेला की ज्याच्या बदलाने गेला त्याला मेल जातो. पहिल्या महिन्यात लोकांनी मला नावं ठेवली. आता मेल आला की आपणच लांब मार्ग उघडून बघतात.

कॅलिब्रेशनवाल्याला नवी मोटर मिळालीच, आणि त्याला बत्तीस पॉइंट हवे होते. बिल्ड फेल झाल्यावर तो माझ्या जागेवर आला. शोध एका टोकापासून करण्याऐवजी मधून दोन भाग करत केला तर सोळाला चार तुलना लागतात आणि बत्तीसला पाच, हे त्याला दाखवलं. रात्रीच्या बिल्डमध्ये आकडा पंचेचाळीसच्या आत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, मग चौसष्टला सहाच ना?